रामतुळशीच्या तेलात लवंगही आणि ओवाही? चुकलंय कोण, तक्ता की मी?

रानवेडी

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून धागा काढतेय.

रानात आपोआप वाढणाऱ्या सुगंधी वनस्पतींच्या तेलात काय काय असतं, यावर छोटा प्रकल्प करतेय. पहिली वनस्पती रामतुळस (ऑसिमम ग्रॅटिसिमम). एका पडीक उतारावर तिचं मोठं बेट आहे, कुणी लावलेलं नाही. पंधराएक झुडपांचे शेंडे खुडले, सगळे एकत्र करून सावलीत वाळवले आणि क्लेव्हेंजरवर (पाण्याच्या वाफेने तेल काढायचं काचेचं उपकरण) तेल काढलं. पुढे ते जीसी-एमएसला, म्हणजे तेलातले घटक सुटे करून ओळखणाऱ्या यंत्राला, दिलं.

तक्ता असा आला: युजेनॉल ३८ टक्के, थायमॉल २१, गॅमा-टर्पिनीन ९, पॅरा-सायमीन ७. त्याखाली बीटा-कॅरिओफिलीन, जर्मॅक्रीन-डी, १,८-सिनिऑल अशी किरकोळ मंडळी. तळाशी डायब्युटाइल थॅलेट आणि डेकामिथाइल सायक्लोपेंटासिलोक्सेन अशी दोन भारदस्त नावं.

गोची अशी की रामतुळशीवर मी जे वाचलंय त्यात एक तर युजेनॉल भरघोस असतं आणि तेलाला लवंगेचा वास येतो, नाहीतर थायमॉल भरघोस असतं आणि ओव्याचा वास येतो. माझ्याकडे दोन्ही ठाण मांडून बसलेत. मार्गदर्शक म्हणाले, नवा केमोटाइप दिसतोय, लिहून काढ. आनंद व्हायला हवा होता, पण धाकधूकच जास्त होतेय. कुठे माती खाल्ली असेल तर आत्ताच सांगा.

पीकपुराण

आयडी पाहून शेतीतला माणूस समजू नका. आमची पिकं कागदावर येतात, आलेखातल्या उंचवट्यांना आम्ही ‘पीक’ म्हणतो; मी जीसी चालवतो.

आधी तळाचे दोन पाहुणे हाकला. थॅलेट हे प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून घालतात. तुमच्या तेलात ते झाकणातून, नळीतून किंवा प्लॅस्टिकच्या कुपीतून आलंय. मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूच्या तुकड्यांच्या वजनांचा आलेख) १४९ चा आयन ताडासारखा उभा दिसला की समजायचं. सिलोक्सेन म्हणजे कॉलमचा (घटक सुटे करणारी लांब बारीक नळी) नाहीतर सेप्टमचा (सुई टोचायची रबरी चकती) झडलेला सिलिकोन. ७३, २०७, २८१ हे आकडे दिसले की ते आमच्या यंत्राचं पाप, झाडाचं नव्हे. ही दोन्ही ‘वनस्पतीचे घटक’ म्हणून छापून आलेले तक्ते मी पाहिलेत. काहींनी तर पुढे त्यांचे औषधी गुणही लिहिलेत!

आता प्रश्न. एक, हे टक्के एमएसच्या एकूण आयन-प्रवाहातून काढलेत की एफआयडीमधून (ज्योतीत जळणारा कार्बन मोजणारा शोधक)? दोन, रिटेन्शन इंडेक्स काढला होता का? की लायब्ररीने (यंत्रातला ओळखीच्या स्पेक्ट्रमांचा संग्रह) ‘९४ टक्के जुळतं’ म्हटलं आणि आपण मान डोलावली?

रानवेडी

@पीकपुराण, हसू आवरत नाहीये आणि लाजही वाटतेय. कुपी प्लॅस्टिकचीच होती. टक्के एमएसचेच. इंडेक्स नाही काढला. काढायलाच हवा का?

पीकपुराण

हवाच. जरा सविस्तर लिहितो, इथे घसरणारे पुष्कळ असतात.

मोनोटर्पीन म्हणजे दहा कार्बनचे हायड्रोकार्बन. बहुतेकांचं सूत्र एकच, रेणुभार १३६. आयनीकरणात त्यांचे तुकडेही जवळजवळ सारखेच पडतात, आणि बहुतेकांमध्ये ९३ चा आयन सर्वांत उंच किंवा त्याच्या आसपास. अल्फा-पायनीन, सॅबिनीन, बीटा-पायनीन, फेलँड्रीन ही भावंडं फोटोत ओळखा म्हटल्यासारखं आहे, सगळ्यांची नाकं सारखी. लायब्ररी बिचारी त्यातल्या त्यात जवळचं नाव देते. म्हणून चेहऱ्यासोबत तो रांगेत कितवा उभा होता तेही बघायचं.

त्यासाठी सरळ साखळीच्या अल्केनांचं मिश्रण त्याच कॉलमवर, त्याच तापमानक्रमात सोडतात. दहा कार्बनच्या डेकेनला १०००, अकरावाल्याला ११००, असे मैलाचे दगड. आपला पीक कोणत्या दोन दगडांच्या मध्ये आणि किती अंतरावर आला, तो त्याचा इंडेक्स. कोव्हाट्सने १९५८ मध्ये ही कल्पना मांडली. तापमान चढतं ठेवून चालवतात तेव्हा वापरायचं सूत्र व्हॅन डेन डूल आणि क्राट्झ यांनी १९६३ मध्ये दिलं. आपण आजही तेच वापरतो.

तुमच्या तेलासाठी याचं महत्त्व सांगतो. थायमॉल आणि कार्व्हॅक्रॉल ही सख्खी भावंडं आहेत. दोघांचा रेणुभार १५०, दोघांचा मुख्य आयन १३५. स्पेक्ट्रम शेजारी ठेवले तर मलाही सांगता येणार नाही. नेहमीच्या ५ टक्के फिनाइलवाल्या कॉलमवर थायमॉल १२९० च्या आसपास येतं आणि कार्व्हॅक्रॉल १२९९ च्या. एवढ्या नऊ घरांच्या फरकावर नाव ठरतं. युजेनॉल त्यांच्यापासून बरंच लांब, १३५६ च्या जवळपास, त्याची काळजी नाही. १,८-सिनिऑल मात्र लिमोनीनला आणि बीटा-फेलँड्रीनला इतकं खेटून येतं की पुष्कळदा तिघांचा मिळून एकच डोंगर दिसतो.

टक्क्यांबद्दल: एमएसमध्ये प्रत्येक संयुग आपापल्या तऱ्हेने फुटतं, त्यामुळे क्षेत्रफळ म्हणजे प्रमाण नव्हे. एफआयडी त्यातल्या त्यात प्रामाणिक, पण ऑक्सिजनला जोडलेला कार्बन त्यालाही कमीच दिसतो. म्हणजे युजेनॉल, थायमॉल थोडे कमी भरणार. शिवाय सगळ्या पिकांची बेरीज शंभर होते ती आपण तशी करतो म्हणून. जे कॉलममधून बाहेरच आलं नाही ते हिशेबात नाही.

जुना भट्टीवाला

मी शाळेपुरतंच रसायन शिकलेला माणूस, पण तेलं काढण्यात उभं आयुष्य गेलं. रानवेडीताई, तुमचं क्लेव्हेंजर कोणतं, हलक्या तेलाचं की जड तेलाचं? आणि किती वेळ चालवलंत?

रानवेडी

काका, मला ताई नका म्हणू, विद्यार्थिनी आहे. हलक्या तेलाचं. सव्वा तास चालवलं, मग तेलाची पातळी वाढेना म्हणून थांबवलं. उष्णता काढल्यावर काही थेंब पाण्यात मध्येच तरंगत होते, ना वर ना खाली. ते सोडून दिले.

जुना भट्टीवाला

बरं, रानवेडी. तेच मध्ये लटकलेले थेंब तुझं युजेनॉल होतं बघ.

युजेनॉल पाण्यापेक्षा जड, घनता साधारण १.०६. टर्पिनीन, सायमीन वगैरे हलकी, ०.८५ च्या घरातली. दोन्ही मिसळलेलं तेल पाण्याच्या इतकं बरोबरीला येतं की बिचाऱ्याला कळत नाही वर जावं की खाली. हलक्याच्या क्लेव्हेंजरमध्ये असं तेल परतीच्या नळीतून पाण्याबरोबर पुन्हा चंबूत जातं. तू जे मोजलंस ते वर राहिलेलं, म्हणजे हलक्या घटकांकडे झुकलेलं तेल. यावर जुना उपाय म्हणजे मोजनळीत आधीच अर्धा मिलिलिटर झायलीन घालून ठेवायचं. जड थेंब त्यात विरघळून वरच राहतात. नंतर झायलीनचं आकारमान वजा करायचं. पण तेच तेल जीसीला द्यायचं असेल तर झायलीनचा मोठा पीक सुरुवातीला येणार हे यंत्रवाल्याला आधी सांग, नाहीतर तेही झाडाच्या नावावर चढेल.

आणि सव्वा तास कमी पडला. माझा हात तीन तासांचा. वाफेबरोबर तेल येतं ते उकळून नव्हे. पाण्याचा आणि तेलाचा बाष्पदाब मिळून हवेच्या दाबाएवढा झाला की दोन्ही सोबत निघतात, म्हणून २५४ अंशांना उकळणारं युजेनॉल शंभरच्या आत येतं. पण येतं रमतगमत. आधी हलके टर्पीन पळतात, जड मंडळी मागून. मध्येच बंद केलं तर मागचे चंबूतच राहतात.

एक आठवण. कॅमोमाइल पहिल्यांदा चढवलं तेव्हा नळीत निळंशार तेल उतरलं, मी घाबरून भांडी पुन्हा घासली. नंतर कळलं की फुलात निळं काही नसतंच. फुलात असतं मॅट्रिसिन, बिनरंगाचं. वाफेच्या उष्णतेने ते मोडून कॅमाझुलीन बनतं, ते निळं. तेव्हा तेलात जे दिसतं ते सगळं झाडात होतं, असं समजू नकोस. काही आपली भट्टीही बनवते.

पीकपुराण

आणि काही आमचा इंजेक्टर, म्हणजे नमुना आत सोडायचा यंत्राचा तापलेला भाग, बनवतो, काका. जर्मॅक्रीन-ए तापल्या इंजेक्टरमध्ये रूप पालटून बीटा-एलेमीन होतं. तक्त्यात एलेमीन बघून लोक खूश होतात, झाडाला पत्ताच नसतो.

उगाच_एक_शंका

वाचतोय, निम्मं डोक्यावरून जातंय, पण मजा येतेय. एक बाळबोध प्रश्न: केमोटाइप म्हणजे वेगळी जात का? रामतुळस एकच ना?

पानफूल

वनस्पतिशास्त्र शिकवते, हा प्रश्न माझ्या वाट्याचा.

जात एकच. पान, फूल, बी सगळं तेच, वनस्पतिसंग्रहातल्या नमुन्याशी ताडून पाहिलं तरी तेच नाव निघेल. पण पानावरच्या तैलग्रंथींत कोणतं रसायन बनतं ते वेगळं. डोळ्यांना न दिसणारा, नाकाला कळणारा भेद. ऑस्ट्रेलियात पेनफोल्ड आणि मॉरिसन यांनी १९२७ मध्ये युकॅलिप्टस डाइव्हज या झाडाबद्दल हेच दाखवलं. झाडं दिसायला सारखी, पण कुणात पिपेरिटोन, कुणात फेलँड्रीन, कुणात सिनिऑल. त्याआधी तेल वेगळं निघालं की लोकांना वाटायचं नमुन्यात भेसळ आहे किंवा झाड ओळखण्यात चूक झाली.

रानवेडी, आता तुझ्या तक्त्याबद्दल. मला भेसळीचाच वास येतोय, पण ती तू केलीस, नकळत. पंधरा झुडपं एका पिशवीत! त्यातली काही युजेनॉलची आणि काही थायमॉलची असतील तर जो तक्ता येईल तो नेमका तुझ्यासारखाच दिसेल.

संशयाचं कारण आहे. युजेनॉल आणि थायमॉल झाडात दोन वेगळ्या वाटांनी बनतात. युजेनॉल फिनाइलॲलनिन या अमिनो आम्लापासून, लिग्निनच्या वाटेवरून फुटलेल्या फाट्याने. थायमॉल पाच कार्बनच्या तुकड्यांची जोडणी होऊन, आधी गॅमा-टर्पिनीन आणि मग थायमॉल. पॅरा-सायमीन त्याच कुटुंबातलं. तुझ्या यादीत थायमॉलच्या मागे टर्पिनीन आणि सायमीन अख्खं बिऱ्हाड घेऊन आलेत बघ. एकाच झुडपात दोन्ही वाटा चालू असू शकतात, नाही असं नाही. पण दोन्ही धो धो वाहतायत असं म्हणण्याआधी एकेक झुडूप वेगळं तपासायला हवं. नवा केमोटाइप झाडाचा असतो, पिशवीचा नव्हे.

निळी_शाई

पानफूल, तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे, पण घाई होतेय. याच रामतुळशीवर ब्राझीलमधल्या संशोधकांचं १९९९ मधलं काम आहे. पानं दिवसभरात वेगवेगळ्या वेळी खुडली तर तेलातलं युजेनॉल दुपारी १२ वाजता ९८ टक्के आणि संध्याकाळी ५ वाजता ११ टक्के निघालं. आनुवंशिकता तीच, घड्याळ वेगळं. मग रानवेडीने काही शेंडे सकाळी आणि काही उन्हं कलल्यावर खुडले असतील तर? दोन केमोटाइप कशाला हवेत?

रानवेडी

अरे देवा. दोन फेऱ्यांत खुडले होते. सकाळी अर्धे, चारनंतर अर्धे. वेळ लिहून ठेवायचं सुचलंच नाही.

पानफूल

निळी_शाई, आक्षेप रास्त आहे. मी वेळेचं नाव काढायला हवं होतं.

पण मग निकालही लावता येईल. दोन झुडपं निवड, एकाला लवंगेचा वास आणि एकाला ओव्याचा. दोन्ही दोन वेळा खुड, एकाच दिवशी सकाळी आणि दुपारी. चार नमुने. वेळेचा खेळ असेल तर एकाच झुडपाचे दोन नमुने वेगळे निघतील आणि एका वेळेचे दोन्ही नमुने सारखे. झुडपाचा खेळ असेल तर उलट. दोन्ही थोडं थोडं असेल तर तेही दिसेल. पंधराच्या पंधरा वेगळे चढवायची गरज नाही, तेवढा यंत्रवेळ कोण देणार?

वास घेताना पान चुरडलं की पुढच्या झुडपाआधी हात धू. चार-पाच पानांनंतर थांब, नाक बधिर होतं आणि मग सगळंच लवंग वाटायला लागतं. कच्चं तेल पानावरच्या केसासारख्या ग्रंथींच्या टोकाला पातळ पापुद्र्याखाली साठलेलं असतं, बोटाने चोळलं तरी फुटतं. या कामाला नाकासारखं स्वस्त यंत्र नाही.

उगाच_एक_शंका

पण झाडाला दोन तऱ्हा ठेवून फायदा काय? एकच चांगली निवडून मोकळं व्हायचं की.

पानफूल

शंका उगाच नाही हो, यावर लोकांनी आयुष्यं घालवलीत. माझं आवडतं उदाहरण दक्षिण फ्रान्समधलं आहे.

तिथे थाइम (थायमस व्हल्गॅरिस) रानभर असतं, त्याचे सहा केमोटाइप. जिरॅनिऑल, अल्फा-टर्पिनिऑल, थुयानॉल, लिनालूल, कार्व्हॅक्रॉल, थायमॉल. शेवटची दोन फिनॉलं, उग्र आणि तिखट, बाकीची मवाळ. १९८६ मध्ये व्हर्ने, गुयोन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे जनुकांच्या उतरंडीने ठरतं. मी आत्ता लिहिलेला क्रमच ती उतरंड. वरच्या पायरीचा जनुक जागा असेल तर खालच्यांना बोलायची संधीच नाही. थायमॉल सगळ्यात खाली, वरचे सगळे गप्प असतील तेव्हाच ते दिसतं.

माँपेलिएच्या उत्तरेला सँ-मार्तँ-द-लाँद्र नावाच्या गावाभोवती एक खोलगट खोरं आहे. हिवाळ्यात जड थंड हवा त्या बशीत साचून राहते. बशीच्या तळाशी मवाळ थाइम, कडेच्या कोरड्या, उबदार डोंगरांवर उग्र फिनॉलवालं. मधल्या थोडक्या पट्ट्यात दोन्ही. कारण असं की हिवाळ्याच्या सुरुवातीच्या कडाक्यात फिनॉलवाली झुडपं मरतात, मवाळ तगतात. उलट उन्हाळ्याच्या कोरडीत फिनॉलवाल्यांची बाजू भक्कम.

पुढचा भाग ऐका. थॉम्प्सन आणि सहकाऱ्यांनी त्याच जागा पुन्हा तपासून १९७०च्या दशकातल्या नोंदींशी ताडल्या. मधल्या काळात कडाक्याची थंडी विरळ झालेली. आणि जिथे पूर्वी निव्वळ मवाळ थाइम होतं तिथे आता फिनॉलवाली झुडपं शिरलेली! २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. हवामान बदलल्याचा पुरावा नुसत्या वासात. हे वाचून मी त्या दिवशी वर्गात दुसरं काही शिकवलंच नाही.

आता हाच विचार कर. त्या मधल्या पट्ट्यात कुणी पंधरा झुडपं एका पिशवीत भरली असती तर? ‘थायमॉल आणि थुयानॉलचा नवा केमोटाइप’ जाहीर झाला असता आणि खरी गोष्ट पिशवीतच मेली असती.

निळी_शाई

हे माहीत नव्हतं. जबरदस्त.

जुना भट्टीवाला

यात धोक्याचीही बाजू आहे. वेखंड घ्या. त्यातलं बीटा-ॲसारोन हे संयुग उंदरांवरच्या चाचण्यांत कर्करोगकारक ठरलंय. गुणसूत्रांचे दोनच संच असलेल्या वेखंडाच्या तेलात ते जवळपास नसतंच. तीन संचवाल्यात थोडं, चार संचवाल्यात तेलाचा बहुतेक भागच तो. मुळं बाजूबाजूला ठेवली तर कोण कोण ते सांगून दाखवा! नुसतं ‘वेखंडाचं तेल’ म्हणणं म्हणजे ‘एक माणूस भेटला होता’ म्हणण्यासारखं आहे.

तिखाडी गवताचंही तसंच. मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार, गवत तेच. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर आणि गुलाबासारखा गोडवा, सोफियाचा वास पारच निराळा. उभं गवत बघून मीसुद्धा फसलोय.

उगाच_एक_शंका

म्हणजे रानातून आणलेलं तेल कुणी ‘नैसर्गिक आहे, दोन थेंब पोटात घ्या’ म्हटलं तर?

जुना भट्टीवाला

तर घेऊ नका. लवंगतेलाचे घोट गेल्याने लहान मुलांची यकृतं बिघडल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत, आणि तिथेही मुख्य घटक युजेनॉलच. पेनीरॉयल नावाच्या पुदिन्याच्या भावंडाचं पुलेगोनवालं तेल पिऊन लोक दगावलेत. आपण ज्याला एक थेंब म्हणतो तो मूठभर पाल्याचा अर्क असतो.

पीकपुराण

जुनं तेलही जपून. लिमोनीन, लिनालूल हवेत उघडं राहिलं की हायड्रोपेरॉक्साइडं बनतात आणि ती कातडीवर पुरळ उठवतात. ताजं तेल सोसणाऱ्याला जुनं सोसेलच असं नाही. गॅमा-टर्पिनीन हळूहळू सायमीन होतं. सायमीन जास्त दिसलं की मी पहिला प्रश्न विचारतो, कुपी कधी भरली?

रानवेडी

तीन आठवड्यांनी परत आलेय. आधी कबुली, मार्गदर्शकांना हा धागा दाखवला. ते वाचून थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, पिशवीचं मलाच सुचायला हवं होतं.

आता हकीकत. उतारावर बारा झुडपं चुरडून पाहिली, तीन दिवसांत थोडी थोडी. सात लवंग, चार ओवा. एक काही केल्या कळेना, त्यावर शेवटी लिहिते. ओवावाली चारही बेटाच्या वरच्या, दगडाळ भागात सापडली. चारच आहेत, यावरून काही बोलणार नाही.

पानफूलताईंनी सांगितल्याप्रमाणे एक लवंगवालं आणि एक ओवावालं झुडूप निवडलं. सकाळी ७ ला आणि दुपारी १ ला शेंडे खुडले. वेगवेगळे वाळवले, तीन-तीन तास चढवले. मोजनळीत झायलीन घातलं, यंत्रवाल्यांना आधीच सांगितलं. काचेची कुपी. टक्के एफआयडीचे, नावं इंडेक्स जुळवून.

लवंगवालं: सकाळी युजेनॉल ५९, दुपारी ६६. थायमॉल दोन्ही वेळा एक टक्क्याच्या आत.
ओवावालं: सकाळी थायमॉल ४३, दुपारी ४६. दुपारच्या नमुन्यात गॅमा-टर्पिनीन २०, पॅरा-सायमीन १४. युजेनॉल नावापुरतं.

म्हणजे घड्याळाने आकडे हलले, पण ओव्याचं झुडूप लवंगेचं झालं नाही.

निळी_शाई

मी हरलो असं नाही म्हणणार, पण मागे सरतो. सात अंकांचा फरक वेळेचा असेल किंवा एका झुडपाच्या दोन फांद्यांचाही असेल. एकाच नमुन्यावर ते सांगता येणार नाही. पुनरावृत्ती हवी. मुख्य मुद्दा मात्र पानफूल यांचाच.

पीकपुराण

एक गंमत करून पाहिली. पहिल्या तक्त्यात युजेनॉल ३८ होतं, शुद्ध लवंगवाल्यात ६६. म्हणजे पिशवीतलं साधारण ५८ टक्के तेल लवंगवाल्यांचं. थायमॉल २१, शुद्ध ओवावाल्यात ४६, म्हणजे साधारण ४६ टक्के तेल ओवावाल्यांचं. बेरीज १०४. टर्पिनीनचे २० गुणिले ०.४६ म्हणजे ९, पिशवीतही ९ च! सायमीन साडेसहा यायला हवं, आलंय ७. पहिला तक्ता एमएसचा, निम्मं युजेनॉल चंबूत गेलेलं, तरी इतकं जुळावं हा योगायोगही असेल. पण मी आज खूश आहे, मला राहू द्या.

फक्त एक लक्षात ठेवा, हे प्रमाण तेलाचं आहे, झुडपांच्या संख्येचं नाही. एखाद्या झुडपात तेलच जास्त असेल तर ते दोघांच्या वाटचं बोलतं.

पानफूल

शाब्बास रानवेडी. प्रत्येक झुडपाचा नमुना दाबून संग्रहात ठेव, क्रमांक टाकून. उद्या कुणी नाव बदललं तरी ताडून पाहता येईल. आणि पहिला तक्ता फेकू नकोस, ‘मिश्र नमुना’ म्हणून शेजारी छाप. वाचणाऱ्याला त्यातून जास्त शिकता येईल.

ते बारावं झुडूप?

रानवेडी

तेच सांगायचं राहिलं. चुरडल्यावर आधी लवंग वाटली, मग काही क्षणांनी ओवा. हात धुऊन पुन्हा, तेच. मैत्रिणीला न सांगता हुंगायला दिलं, ती म्हणाली, दोन्ही येतायत. आता मला पुन्हा धाकधूक.

पानफूल

खाली दोन बुंधे तर नाहीत ना? रानात दोन झुडपं एकमेकांत गुंतून एकच दिसतात. आधी खाली वाकून बघ.

रानवेडी

वाकले. माती उकरूनही पाहिली. एकच बुंधा आहे.

जुना भट्टीवाला

मग त्याचा एकट्याचा पाला चढव. सगळा खुडू नकोस, एक फांदी पुरे, झुडूप राहिलं पाहिजे.

रानवेडी

एकच फांदी खुडलीय काका. सावलीत वाळतेय, वर्तमानपत्रावर, वेगळ्या खोलीत. यंत्राची पाळी पुढच्या मंगळवारी.

पीकपुराण

कुपी काचेची ना?

रानवेडी

काचेची. झाकणसुद्धा बघून घेतलंय.